'मजा आली का?' हा प्रश्न सोडा: गटातल्या व्याकरणाबद्दल मुलांचं खरं मत कसं काढावं

शिक्षण परिषदेत दर महिन्याला कुणी ना कुणी सांगतं, "गटात व्याकरण घेतलं, मुलांना फार आवडलं." कसं कळलं असं विचारलं की उत्तर ठरलेलं: तासाच्या शेवटी वर्गाला विचारलं, "मजा आली का?" आणि साठ गळ्यांतून "होऽऽ सर" आलं. बाहेर एसटीचा हॉर्न वाजत असताना पोरं दुसरं काय म्हणणार?

मीही बरीच वर्षं हेच केलं. मग एकदा मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी सहज बोलून गेली, "सर, आमच्या गटात ती एकटीच लिहिती. आम्ही निस्तं कागद धरून बसतो. पंखा चालू असतो ना, कागद उडतो." त्या दिवशीच्या अहवालात मी 'सर्व विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग' असं लिहिलं होतं.

खालची पद्धत मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या इंग्रजीच्या तासासाठी आहे. कागदावर इंग्रजीला दुसरी भाषा म्हणा की तिसरी, काम तेच. सगळा खेळ क्रमाचा आहे. क्रम चुकला की मुलं खोटं बोलत नाहीत, पण तुम्हाला हवं ते बोलतात.

1. एकच मुद्दा निवडा, तोही मराठीमुळे अडणारा

'काळ' हा मुद्दा नाही, तो अख्खा डोंगर आहे. मुलांनी एकमेकांशी वाद घालावा असं वाटत असेल तर आपल्या मराठीमुळे जिथे पाय घसरतो ती जागा शोधा. 'सिन्स' आणि 'फॉर' हे माझं आवडतं उदाहरण. मराठीत '2015 पासून' आणि 'बारा वर्षांपासून' या दोन्हीला 'पासून'च लागतं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. आपली पोरं दोन्हीकडे 'फ्रॉम' ठोकून मोकळी होतात.

मग चार वाक्यांचा उतारा स्वतः लिहा. पाठ्यपुस्तकातला घेऊ नका, तो गाईडमध्ये सापडतो. माझा असा आहे:

'माय अंकल हॅज वर्क्ड इन द मोंढा सिन्स 2015. ही हॅज लिव्ह्ड इन लातूर फॉर ट्वेल्व्ह इयर्स. वी हॅव नॉट सीन हिम सिन्स दिवाळी. ही हॅज नॉट कॉल्ड अस फॉर टू वीक्स.'

मराठीत सांगायला गेलं तर चारही वाक्यांत 'पासून' येतं, इंग्रजीत दोनदा 'सिन्स' आणि दोनदा 'फॉर'. मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, मुलांच्या ओळखीचा, दिवाळी ओळखीची. अडायला फक्त व्याकरण उरलं पाहिजे, शब्दार्थ नाही.

तपासा: 'हॅज वर्क्ड' ही रचना आधीच्या आठवड्यात शिकवून झाली आहे ना? नसेल तर मुलं तिथेच अडकतील आणि 'सिन्स'पर्यंत पोचणारच नाहीत. हे काम शिकवलेल्या गोष्टीवर घासून बघायचं आहे, नव्याने शिकवायचं नाही.

2. तारीख, जोड्या आणि एकच कागद

15 ऑगस्टचा आठवडा आणि 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाचा आठवडा सोडा. निम्मा वर्ग कवायतीत किंवा समूहगीतात असतो. बीड आणि आसपासच्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीनंतर मुलं आईवडिलांबरोबर फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, पण वर्ग तोच राहत नाही. म्हणून सुरुवातीची विचारपूस, काम आणि नंतरच्या गप्पा हे सगळं एकाच आठवड्यात उरका. जूनमधल्या वर्गाचं मत जानेवारीतल्या वर्गाशी ताडून 'मुलांचा दृष्टिकोन बदलला' असं लिहिणं म्हणजे माणसंच बदलली हे विसरणं.

गट दोघांचा करा. जास्तीत जास्त तिघांचा, तोही संख्या विषम असेल तरच. पाच-सहा जणांच्या गटात एक लिहितो, एक सांगतो, बाकीचे पंख्यापासून कागद वाचवतात. बाकं हलत नसतील तर बाकावरच्या शेजाऱ्यालाच जोडीदार करा, उगीच सरकासरकीत सात मिनिटं जातात.

उतारा एकत्र लिहिताना प्रत्येक जोडीला एक कागद आणि एक पेन. दोघांकडे दोन वह्या असल्या की दोघं आपापलं लिहितात आणि शेवटी एकमेकांचं बघून जुळवतात. पेन्सिल आणि खोडरबर पिशवीत ठेवायला सांगा. चुकलं तर एका आडव्या रेघेनं खोडायचं, गिचमिड करायची नाही. ही खाडाखोड पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते.

इशारा: 'हुशार-ढ' अशी जोडी मुद्दाम लावायची आपली सवय. पहिल्या फेरीत ती टाळा. तांड्यावरून आलेला, घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारा मुलगा वर्गातल्या पहिल्या नंबरवाल्याशेजारी बसवला की तो गप्प होतो, आणि आपण लिहितो 'सहभाग कमी'. पहिल्यांदा मुलांना ज्याच्याशी बोलता येतं त्याच्याबरोबर बसू द्या.

3. कामाच्या आदल्या दिवशी दोनच प्रश्न

काम झाल्यावर विचारलेलं मत कशाशी तरी ताडायला हवं. त्यासाठी आदल्या दिवशी चिठ्ठीवर, मराठीत, दोन प्रश्न:

अ) इंग्रजी लिहिताना अडलं तर आधी कुणाकडे बघता? सर किंवा मॅडम, शेजारचा, गाईड, घरचं कुणी, मोबाईल, कुणाकडेच नाही.

आ) शेजाऱ्यानं सांगितलेलं उत्तर न तपासता लिहाल का? हो, नाही, कोण सांगतं त्यावर.

'गटात व्याकरण शिकायला आवडतं का?' असं विचारू नका. 'व्याकरण' म्हटलं की आपल्या मुलांच्या डोक्यात नाम, सर्वनाम आणि पाठ केलेल्या व्याख्या येतात. एका वर्गानं मला ठामपणे लिहून दिलं होतं की आज व्याकरण झालंच नाही, कारण मी एकही व्याख्या सांगितली नव्हती. तासभर 'फॉर की सिन्स' यावर भांडून झाल्यावर!

4. काम: चाळीस मिनिटांचा हिशेब

या कामाला डिक्टोग्लॉस म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, वेळेचा हिशेब विसरू नका. तयारीला 3 मिनिटं, वाचनाला 5, लिहायला 14, चिठ्ठीच्या (ती पुढच्या टप्प्यात येते) पहिल्या भागाला 4, मूळ उताऱ्याशी ताडायला 8, चिठ्ठीच्या दुसऱ्या भागाला 4. झाली 38. उरलेली दोन हजेरी खाते.

पहिलं वाचन: पेन खाली, फक्त ऐकायचं. दुसरं वाचन: महत्त्वाचे शब्द टिपायचे. दोन्ही वेळा नेहमीच्या बोलण्याच्या वेगानं वाचा. मग दोघांनी आपापल्या टिपणांवरून एका कागदावर उतारा पुन्हा उभा करायचा. शब्द वेगळे चालतील, अर्थ आणि व्याकरण बरोबर हवं.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पोरांची दया येऊन शिक्षक हळूहळू वाचतात, एकेक शब्द तोडून, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. झालं ते श्रुतलेखन. प्रत्येक शब्द ऐकू आला तर ठरवायला काय उरलं? वेगात वाचल्यावर 'अंकल, मोंढा, 2015' एवढं हाती लागतं आणि मधली भोकं मुलांना स्वतःच्या व्याकरणानं भरावी लागतात. ती भोकं हेच काम.

जोडीत मराठी बोललं तर टोकू नका. दखनी, गोरमाटी, तेलुगू, काहीही. 'ओन्ली इंग्लिश' म्हटलं की वर्ग शांत होतो आणि शांत वर्गात कुणी 'सिन्स' का हे समजावत नाही. एका बाकाजवळ मी उभा राहून ऐकलेलं:

"फ्रॉम लिही ना. पासून म्हंजे फ्रॉम."

"सरांनी तसं नाही म्हणलं. स स काहीतरी होतं."

"बारा वर्षाला पण स होतं का?"

"नाही. तिथं फ होतं. … मंग दोन वेगळे कामून?"

त्या 'कामून'साठी हा सगळा खटाटोप आहे. असा प्रश्न मी फळ्यावर नियम लिहून कधी काढू शकलो नाही. त्यामुळे उत्तर द्यायला पुढे सरसावू नका, मागं सरका.

फिरताना हातात बैठकीचा आराखडा ठेवा आणि प्रत्येक जोडीसमोर एक खूण करा. निओमी स्टॉर्च या संशोधिकेनं 2002 साली जोडीकामातल्या बोलण्याचे चार साचे दाखवले, ते खुणेला सोयीचे आहेत: दोघं मिळून ठरवतात, दोघंही आपलंच रेटतात, एक रेटतो आणि दुसरा गप्प, एक जाणता दुसऱ्याला हाताला धरून नेतो. तिच्या निरीक्षणात पहिल्या आणि शेवटच्या साच्यातल्या जोड्यांकडून शिकलेलं पुढच्या लिखाणात जास्त उतरलं. तिसरा आणि चौथा साचा लांबून सारखेच दिसतात, दोन्हीकडे एकच जण बोलत असतो. फरक इतकाच बघा: बोलणारा मान वर करून "कळलं का?" म्हणतोय की नुसता लिहीत सुटलाय.

तपासा: चौदा मिनिटांतली पहिली पाच झाल्यावरही एखाद्या कागदावर खाडाखोड शून्य असेल तर त्या जोडीत चर्चा नाही, एकाचीच लेखणी चालू आहे.

5. चिठ्ठी दोन तुकड्यांत

हा टप्पा मला सगळ्यात उशिरा कळला. मूळ उतारा दाखवल्यावर मत विचारलं की प्रत्येक जण म्हणतो, "मी तेच म्हणत होतो, यानं ऐकलं नाही." बरोबर उत्तर डोळ्यांपुढे आलं की आठवण बदलते. म्हणून पहिला तुकडा उत्तर दाखवण्याआधी, दुसरा नंतर.

आधी:
- तुमची जोडी कुठल्या शब्दावर अडली? तो शब्द लिहा.
- शेवटी कुणाचं ऐकलं? का?
- चारपैकी किती वाक्यांना पेन तुमच्या हातात होतं? 0, 1, 2, 3, 4

नंतर:
- एकट्यानं लिहिलं असतं तर काय वेगळं झालं असतं? एका ओळीत.

प्रत्येकानं आपली चिठ्ठी एकट्यानं लिहायची. नाव नको, फक्त जोडीच्या कागदावरचा क्रमांक. मुलांना माहीत असतं की तुम्ही अक्षर ओळखता. म्हणून खडूचा रिकामा डबा फिरवा, चिठ्ठ्या घडी घालून त्यात, आणि डबा चित्रकलेच्या किंवा खेळाच्या शिक्षकांकडे जाणार असं आधीच सांगा. सांगितलंत तर खरंच द्या. एकदा मी 'नंतर देतो' म्हणून डबा स्वतःच्या टेबलावर ठेवला आणि पुढच्या वेळी बहुतेक चिठ्ठ्यांवर 'खूप छान' आलं.

प्रश्न वाढवायचा मोह झाला तर तीन गोष्टी बघा. एका प्रश्नात दोन प्रश्न नकोत. 'सोपं आणि उपयोगी वाटलं का?' यावर सोपं वाटलं पण उपयोगी नाही असं वाटणाऱ्यानं काय लिहावं? 'सहमत-असहमत' अशी पट्टी देणार असाल तर मधलं 'तटस्थ' काढा, लाजरी मुलं तिथेच जाऊन बसतात. आणि एखादं विधान उलटं ठेवा, जसं 'जोडीदारामुळे माझा वेळ गेला'. सगळीकडे 'सहमत' करणारा मुलगा तिथे पकडला जातो.

इशारा: हे काम शेवटच्या तासाला घेऊ नका. खिडकीतून एसटी दिसत असेल तर चिठ्ठीचा दुसरा तुकडा कोराच येतो.

6. दोन दिवसांत, तोच कागद समोर ठेवून गप्पा

चिठ्ठीत 'काय' कळतं, 'का' ते गप्पांत. सगळा वर्ग नको. वेगवेगळ्या साच्यांतल्या जोड्यांमधून प्रत्येकी एकेक मूल घेऊन तिघांचा घोळका करा. रेटणारा आणि त्याचा गप्प जोडीदार एकाच घोळक्यात नकोत, गप्प असलेला तिथेही गप्पच राहील. स्टाफरूम टाळा, ओट्यावर, लिंबाखाली, कुठेही बसा. शक्यतो इंग्रजीच्या शिक्षकानं स्वतः विचारू नये. दुसरं कुणी मिळालं नाही तर निदान मार्कांची वही जवळ ठेवू नका.

मोबाईलवर आवाज नोंदवायचा असेल तर मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी आधी, मुलाला विचारणं त्याच क्षणी. नको म्हणाला तर नको. काम झालं की फाईल पुसून टाका, शाळेच्या ग्रुपवर तर चुकूनही नाही.

आता ती खाडाखोड बाहेर काढा. "गटकाम कसं वाटलं?" असं विचारलं की मुलं आढ्याकडे बघतात. कागदावर बोट ठेवून "इथं फ्रॉम खोडून फॉर केलंय, तेव्हा काय बोलणं झालं?" असं विचारलं की तोंड उघडतं. मत त्या बोलण्याच्या मागून आपोआप येतं.

तीन बोलणी जवळपास प्रत्येक वर्गात ऐकू येतात, ती नीट ऐका.

"शेवटी सरांनीच सांगावं." हा आळस नाही. आपल्याइतकंच येणाऱ्या शेजाऱ्याच्या व्याकरणावर भरवसा का ठेवायचा, हा रास्त प्रश्न आहे. त्याला उत्तर म्हणजे ताडून बघायची ती आठ मिनिटं. वेळ संपला म्हणून शिक्षक नेमकी तीच गाळतात आणि मुलं चुकीचं 'फ्रॉम' पक्कं करून घरी जातात.

"परीक्षेत जोडीदार कुठं असतो?" लातूर पॅटर्नच्या गावात वाढलेलं पोर हे विचारणारच. वाद घालू नका. पुढच्या आठवड्यात चार रिकाम्या जागांची एकट्यानं सोडवायची चाचणी ठेवा आणि निकाल त्यालाच बघू द्या.

"माझं ऐकतच नाहीत." यावर उपदेश चालत नाही, पेनाची व्यवस्था बदलावी लागते. ते पुढे येतंच.

7. चिठ्ठ्यांचे ढीग

संगणक लागत नाही. जमिनीवर चार ढीग करा: कामाबद्दल, जोडीदाराबद्दल, भाषेबद्दल, शिक्षकाबद्दल. एखादी चिठ्ठी दोन ढिगांत बसत असेल तर तिची नक्कल करून दोन्हीत टाका. चारपैकी 'भाषेबद्दल'चा ढीग सगळ्यात बारका निघाला तर मुलं नाराज आहेत असा अर्थ काढू नका. काम फार सोपं होतं किंवा तुम्ही हळू वाचलंत.

मग प्रत्येक चिठ्ठी तिच्या क्रमांकाच्या कागदाशी लावा. 'खूप शिकलो' लिहिणाऱ्याच्या कागदावर चारही ठिकाणी 'फ्रॉम' असू शकतं, आणि 'वेळ वाया गेला' म्हणणारी मुलगी आठवड्यानंतरच्या चाचणीत चारपैकी चार आणू शकते. आवडणं आणि शिकणं ही दोन वेगळी खाती आहेत, एकात दुसऱ्याची जमा दाखवू नका. पेनाचे आकडेही जोडून बघा: एकाच जोडीत दोघांनी 'चार' लिहिलं असेल तर त्या जोडीशी नक्की बोला.

अहवाल लिहिताना टक्केवारीचा सोस नको. चाळीस मुलांच्या वर्गात पाच टक्के म्हणजे दोन मुलं. 'दोन मुलं' असंच लिहा.

मराठीच दुसरी भाषा असेल तर

उर्दू माध्यमाच्या शाळांत हीच पद्धत मराठीच्या तासाला चालते, फक्त मुद्दा निवडताना सांभाळा. 'मी भाकरी खाल्ली' ऐवजी 'मी भाकरी खाल्लो' ही चूक पहिल्यांदा डोळ्यांत भरते, कारण दखनीत क्रियापद बोलणाऱ्याच्या मागं जातं. पण लातूर-नांदेडकडे मराठी घरातली माणसंही 'मी काम केलो' म्हणतात. ज्या बोलीत सगळा बाजार चालतो तिला चूक म्हणून मुलांपुढे उभी केलीत तर चिठ्ठ्यांत व्याकरणावर नाही, तुमच्यावर मत येईल. तो मुद्दा घ्यायचाच असेल तर 'पुस्तकात कसं लिहितात' एवढंच म्हणा. सुरुवातीला 'ला', 'शी', 'वर' असे प्रत्यय बरे, तिथे वाद भाषेवरच राहतो.

8. वर्गाला परत सांगा आणि एकच गोष्ट बदला

ढीग लावून झाल्यावर आठवड्याच्या आत फळ्यावर दोन ओळी लिहा: तुम्ही काय सांगितलंत, मी काय बदलतोय. सगळं बदलायला जाऊ नका. एकाच वेळी जोड्या, उतारा आणि वेळ बदललात तर पुढच्या चिठ्ठ्यांत फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आणि काहीच बदललं नाही तर दुसऱ्या वेळी मुलं चिठ्ठीवर फुलं काढून देतात. मुलींच्या एका रांगेनं मला खरोखर तेवढंच दिलं होतं, छान रंगवून.

माझ्या वर्गात पहिला बदल पेनाचा केला. प्रत्येक वाक्यानंतर पेन दुसऱ्याकडे. ज्याच्या हातात पेन नाही त्यानं सांगायचं, ज्याच्या हातात आहे त्यानं पटल्याशिवाय लिहायचं नाही. पुढच्या फेरीत जोडीदाराबद्दलच्या तक्रारींचा ढीग खाली आला आणि कामाबद्दलचा वाढला. त्यातल्या पाच चिठ्ठ्यांवर एकच मागणी होती: हुशार पोरं पेन सोडतच नाहीत, सरांनी काहीतरी वाजवावं. आता दर साडेतीन मिनिटांनी मी टेबलावर डस्टर आपटतो.